जुन्या रस्त्यावरची घरे जपायची म्हणजे नेमके काय करायचे?

जुन्या शहरातल्या एखाद्या नामांकित रस्त्यावरची इमारत खचली, तिच्या दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा यावरून वाद झाला किंवा तिला वारसा यादीत घातल्यामुळे मालक नाराज झाले, की बातम्यांमध्ये दोन बाजू लगेच उभ्या राहतात. एका बाजूचे म्हणणे असते की इमारत धोकादायक आहे, ती पाडून टाका. दुसरी बाजू म्हणते की ती इतिहासाची ठेव आहे, तिला हात लावू नका. या दोन्ही बाजूंच्या मध्ये एक साधा प्रश्न बहुतेक वेळा विचारलाच जात नाही, तो म्हणजे या इमारतीला नेमके काय झाले आहे आणि ते कशामुळे झाले आहे. वारसा जतनाच्या कामातला मोठा आणि सर्वांत कमी दिसणारा भाग याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यात जातो. ते उत्तर हाती नसताना केलेली दुरुस्ती म्हणजे दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला, असा प्रकार असतो. वय झाल्यामुळे जितक्या जुन्या भिंती बिघडतात, त्यांहून अधिक भिंती चांगल्या हेतूने केलेल्या चुकीच्या दुरुस्तीमुळे बिघडतात, असे माझे मत आहे. तसे का होते, ते या लेखात क्रमाने पाहू.

एक इमारत की अख्खी ओळ?

जुन्या रस्त्यावरची घरे सहसा एकमेकांना चिकटून उभी असतात. दोन घरांच्या मध्ये एकच भिंत असते आणि दोन्ही घरांच्या तुळया तिच्यावरच टेकलेल्या असतात. या भिंतीला सामायिक भिंत म्हणतात. फळीवर दाटीने लावलेल्या पुस्तकांमधून मधलेच एक पुस्तक काढून घेतले, की आजूबाजूची पुस्तके कलतात, तसेच अशा ओळीतले मधले घर पाडले की शेजारच्या घरांचा आधार जातो. इतकी वर्षे घराच्या आत राहिलेली भिंत एकाएकी पावसाला उघडी पडते. ती पाऊस झेलण्यासाठी बांधलेलीच नसते, त्यामुळे काही वर्षांतच तिच्यावर ओल धरते आणि मग तेही घर धोकादायक यादीत जाते.

हा संबंध जमिनीखालीसुद्धा असतो. ॲमस्टरडॅममधली कालव्याकाठची जुनी घरे मऊ जमिनीत खोलवर ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत. हे लाकूड पूर्णपणे पाण्याखाली असेपर्यंत शतकानुशतके टिकते, कारण लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला तिथे हवा मिळत नाही. जवळपास कुणी तळघरासाठी पाणी उपसले आणि भूजलाची पातळी खाली गेली, की खांबांची डोकी उघडी पडतात, हवा लागते आणि कुजण्याला सुरुवात होते. खड्डा एकाच्या जागेत खणला जातो आणि भेगा दुसऱ्याच्या भिंतीत पडतात.

म्हणूनच गेल्या शतकात एकेका वास्तूबरोबर संपूर्ण रस्त्याला किंवा वस्तीला संरक्षण देण्याची कल्पना पुढे आली. सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा फ्रान्सने 1962 मध्ये करून अख्खे परिसर संरक्षित करण्याची तरतूद केली. ब्रिटनमध्ये तशी तरतूद 1967 मध्ये आली. अशी तरतूद वेळेत वापरली नाही, तर काय होते याचे उदाहरण इंग्लंडमधल्या बाथ शहरात दिसते. तिथली रॉयल क्रेसेंट ही 1767 ते 1775 या काळात बांधलेली 30 घरांची चंद्रकोरीच्या आकाराची ओळ जगप्रसिद्ध आहे आणि ती जपलीही गेली. मात्र त्याच शहरात 1960 च्या दशकात आणि 1970 च्या सुरुवातीला त्याच काळातल्या साध्या, कारागिरांच्या आणि छोट्या व्यावसायिकांच्या घरांच्या ओळीच्या ओळी पाडल्या गेल्या, कारण एकेकटे पाहिले तर त्यातले कोणतेच घर ‘विशेष’ वाटत नव्हते. ज्या साध्या रस्त्यांमुळे ती भव्य ओळ शहराचा भाग वाटत होती, ते रस्तेच गेले.

अभ्यास म्हणजे काय करतात?

पहिले काम मोजमापाचे. प्रत्येक भिंत, दार, खिडकी आणि जिना मोजून नकाशे काढतात. आज त्यासाठी लेझर मोजणी वापरतात. यंत्रातून निघालेला किरण भिंतीवर आदळून परत येतो, त्यावरून अंतर कळते आणि अशा लक्षावधी बिंदूंमधून इमारतीची तंतोतंत त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर उभी राहते. भिंत किती कलली आहे किंवा छत कुठे झुकले आहे, हे डोळ्यांना जाणवण्याआधी या प्रतिकृतीत दिसते. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला 2019 मध्ये आग लागली, तेव्हा त्याच्या काही वर्षे आधी केलेली लेझर मोजणी पुनर्बांधणी करणाऱ्यांच्या उपयोगी पडली.

दुसरे काम कागदपत्रांचे असते. जुने नकाशे, खरेदीखते, करांच्या नोंदी, छायाचित्रे, विम्याचे कागद यांतून कोणता मजला नंतर चढवला, कोणती खिडकी बुजवली, दुकानाचे तोंड कधी रुंद केले, हे कळत जाते. तिसरे काम प्रत्यक्ष वस्तूच्या परीक्षणाचे. तुळईच्या लाकडातून पेन्सिलीएवढी बारीक कांडी काढून तिच्यातली वार्षिक वलये मोजतात. पाऊस आणि थंडी यांनुसार वलये रुंद किंवा अरुंद होतात आणि त्यांचा क्रम त्या प्रदेशाच्या ज्ञात क्रमाशी जुळवला, की झाड कोणत्या सुमाराला तोडले ते समजते. भिंतीवरच्या रंगाचा नखाएवढा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली आडवा धरला, तर एकावर एक बसलेले दहा-पंधरा थर कांद्याच्या पाकळ्यांसारखे दिसतात. त्यातला सर्वांत खालचा थर मूळ रंग सांगतो. ‘जुन्या काळी असाच रंग असायचा’ या आठवणीपेक्षा ही पाहणी कितीतरी अधिक भरवशाची आहे.

या सगळ्या नोंदींना दस्तऐवजीकरण म्हणतात. ते कंटाळवाणे वाटते, पण वॉर्साची हकीकत वाचल्यावर त्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. दुसऱ्या महायुद्धात पोलंडच्या या राजधानीचा जुना भाग जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त करण्यात आला. युद्धानंतर तो पुन्हा उभा राहिला. त्यासाठी युद्धापूर्वी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी केलेली मोजमापे हाताशी होती, कारण ती युद्धकाळात लपवून ठेवण्यात आली होती. शिवाय बेर्नार्दो बेलोत्तो या अठराव्या शतकातल्या चित्रकाराने शहरातले रस्ते बारकाईने रंगवले होते. त्यांतल्या एका लांबलचक राजरस्त्याच्या चित्रांत घरांच्या खिडक्या मोजता येतात. चित्रकाराने काही ठिकाणी सौंदर्यासाठी फेरफार केलेले होते, म्हणून चित्र आणि मोजमाप एकमेकांशी ताडून पाहावे लागले. हा भाग 1980 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. विद्यार्थ्यांनी ती मोजमापे घेतली, तेव्हा त्यांचा पुढे असा उपयोग होईल, हे त्यांना कुठून ठाऊक असणार!

तडा जिवंत आहे की मेलेला?

भिंतीला तडा दिसला की आपण घाबरतो आणि तो लगेच भरून टाकतो. जतन करणारा अभियंता आधी तो तडा वाढतो आहे का, हे पाहतो. त्याची जुनी रीत अगदी साधी आहे. तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवायची आणि तिच्याखाली पेन्सिलीने तारीख लिहायची. काही महिन्यांनी पट्टी अखंड असेल, तर तडा थांबलेला आहे. ती मधोमध तुटली असेल, तर भिंत अजून हलते आहे. आता काचेऐवजी पारदर्शक मोजपट्टी लावतात, तिच्यावर बारीक चौकटी आखलेल्या असतात आणि मिलिमीटरच्या अंशाइतकी हालचालही वाचता येते.

हे मोजमाप किमान सगळे ऋतू ओलांडून चालू ठेवावे लागते. पाऊस पडला की चिकण जमीन फुगते, कोरडी पडली की आकसते आणि तिच्यावरची भिंत दर वर्षी थोडी वर-खाली होते. असा तडा एका मोसमात उघडतो आणि दुसऱ्या मोसमात मिटतो. तो कडक मालाने भरला, तर मिटायला जागा उरत नाही आणि शेजारी नवा तडा जातो. त्याउलट एकाच दिशेने रुंदावत जाणारा तडा पाया खचत असल्याचे सांगतो. तिथे वाट पाहणे चुकीचे ठरेल, ताबडतोब टेकू द्यावे लागतील. दोन्ही तडे पहिल्या दिवशी मात्र अगदी सारखेच दिसतात.

भिंत श्वास घेते म्हणजे काय?

आता या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. जुन्या विटांच्या आणि दगडांच्या भिंती बहुतेक ठिकाणी चुन्यात बांधलेल्या आहेत. चुनखडीचा दगड सुमारे 900 अंश सेल्सिअसपर्यंत भाजला, की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातले की तो खदखदतो आणि विरून मऊ होतो. वाळूत मळून तो विटांमध्ये भरला, की हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत शोषून घेत तो पुन्हा दगड बनतो. या दगडात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्याला थोडी लवचीकताही असते.

जुन्या भिंतीत पाणी येतेच. ते जमिनीतून वर चढते, पावसाच्या माऱ्याने आत शिरते, घरातल्या वाफेतूनही मुरते. ती भिंत पाणी अडवत नाही, आलेले पाणी विटांमधल्या सांध्यांतून बाहेर उडवून लावते. भिंत श्वास घेते असे म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच. सुती सदरा घामाने भिजतो आणि वाऱ्यावर वाळतो, तशी ही भिंत आहे. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवणे म्हणजे घाम आलेल्या माणसाला प्लास्टिकचा रेनकोट घालणे होय.

सिमेंट स्वतः वाईट नाही. जोसेफ ॲस्पडिन यांनी 1824 मध्ये इंग्लंडमध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले आणि आधुनिक बांधकामाने त्याच्या बळावर मोठी मजल मारली. ते कडक असते, लवकर घट्ट होते आणि पाण्याला सहजासहजी वाट देत नाही, हे गुण नव्या बांधकामात कामाचे आहेत. मऊ विटांच्या भिंतीत मात्र तेच गुण तिच्या मुळावर येतात. सांध्यातली वाट बंद झाल्यावर पाणी विटेतूनच बाहेर पडू लागते. पाण्यात विरघळलेले क्षार विटेच्या पृष्ठभागाच्या जरा आत स्फटिक बनतात, फुगतात आणि विटेचा पापुद्रा सोलून काढतात. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. अशी भिंत जवळून पाहा: मधल्या विटा आत खचून गेल्या आहेत, बोट लावले की लाल भुकटी झडते आहे आणि सिमेंटचे सांधे मधाच्या पोळ्याच्या चौकटीसारखे जसेच्या तसे पुढे उभे आहेत. मलम टिकले आहे आणि अंग झिजले आहे, हे दृश्य मला दर वेळी अस्वस्थ करते.

चुन्याचा सांधा याच्या उलट वागतो. भिंत हलली की तो आधी तुटतो, क्षार आधी त्याला लागतात आणि वीट वाचते. विजेच्या जोडणीत फ्यूज जळतो म्हणून यंत्र वाचते, तसेच हे आहे. काही दशकांनी सांधे उकरून पुन्हा चुना भरावा लागतो, पण वीट तीच राहते. म्हणून सांधा नेहमी विटेपेक्षा थोडा दुबळा असावा, हा जतनाच्या कामातला साधा पण सर्वाधिक मोडला जाणारा नियम आहे.

हीच चूक अथेन्सच्या अॅक्रोपोलिसवर धातूच्या बाबतीत झाली. प्राचीन ग्रीक कारागिरांनी संगमरवराचे तुकडे जोडताना लोखंडी कड्यांभोवती शिसे ओतले होते, त्यामुळे लोखंडाला हवा-पाणी लागत नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांतल्या दुरुस्तीत नवे लोखंड असे झाकण न देता घातले गेले. ते गंजले, गंजलेल्या लोखंडाने मूळच्या कैक पट जागा मागितली आणि संगमरवर आतून फुटला. गेल्या काही दशकांत ते लोखंड काढून त्याच्या जागी न गंजणारे टायटॅनियम बसवण्याचे काम तिथे करावे लागले आहे. दोन हजारांहून अधिक वर्षे टिकलेल्या दगडाला एका दुरुस्तीने तडे दिले.

कुठे थांबायचे?

वास्तू जपणाऱ्या तज्ज्ञांनी 1964 मध्ये व्हेनिसला एक सनद संमत केली. तिच्यातली दोन सूत्रे रस्त्यावरच्या साध्या घरालाही लागू पडतात. पुराव्याऐवजी अंदाजाने काम करण्याची वेळ येते, तिथे पुनर्रचना थांबवावी, हे पहिले. नवा घातलेला भाग जुन्याशी सुसंगत दिसावा, पण निरखून पाहणाऱ्याला तो नवा असल्याचे ओळखता यावे, हे दुसरे. हरवलेला कोरीव कठडा कसा होता याचे छायाचित्र नसेल, तर साधा कठडा बसवावा. मनाने रचलेली नक्षी कितीही सुंदर असली, तरी ती पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल करते.

याला जोडून आणखी एक कसोटी आहे: आज केलेले काम उद्या मूळ वस्तूला धक्का न लावता काढता आले पाहिजे. लाकडी तुळईला बाहेरून पोलादी आधार दिला, तर तो नंतर उतरवता येतो. तिच्यात रसायन भरून टाकले, तर ते काढणे जवळजवळ अशक्य होते. पन्नास वर्षांनी आपल्यापेक्षा चांगला उपाय कुणाला तरी सापडेल, एवढी जागा त्याच्यासाठी ठेवलीच पाहिजे.

सुरक्षिततेपेक्षा वारसा मोठा आहे का?

नाही. माणसांच्या जिवाला धोका असेल, तर इमारत रिकामी करणे आणि टेकू देणे हीच पहिली पायरी आहे, याबद्दल दुमत असू नये. मात्र धोकादायक आहे म्हणून पाडा, या वाक्यात एक पायरी गाळलेली असते. धोका कोणत्या भागाला आहे? एकच तुळई कुजलेली असते, गच्चीवर नंतर ठेवलेल्या पाण्याच्या टाकीचे वजन भिंतीला पेलत नसते किंवा तळमजल्यावर दुकानासाठी कुणीतरी भार घेणारी भिंतच काढून टाकलेली असते. असे कारण सापडले, तर उपायही तेवढ्यापुरता करता येतो. काही इमारती खरोखरच वाचवता येत नाहीत, पण तो निष्कर्ष पाहणीच्या शेवटी यावा, पाहणीच्या ऐवजी येऊ नये.

दर्शनी भाग ठेवून मागे नवे बांधले तर?

हा पर्याय बांधकाम व्यावसायिकांकडून नेहमी पुढे येतो आणि त्यात तथ्य अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. गंमत अशी की रॉयल क्रेसेंटची मूळ बांधणीच काहीशी या पद्धतीने झाली. वास्तुविशारद धाकट्या जॉन वुड यांनी 114 खांबांचा एकसलग दर्शनी भाग रचला, खरेदीदारांनी त्यातली हवी तेवढी लांबी विकत घेतली आणि मागचे घर आपापल्या गरजेप्रमाणे बांधून घेतले. त्यामुळे समोरून ही ओळ एखाद्या राजवाड्यासारखी दिसते आणि मागून पाहिले, तर छपरांची उंची व खिडक्यांच्या जागा घराघरांगणिक बदलतात.

पण तिथे दर्शनी भाग आणि मागचे घर एकाच काळात, एकाच मापाने, एकमेकांना बांधून उभे राहिले. आज जुन्या दर्शनी भागामागे दुप्पट मजल्यांची काँक्रीटची इमारत उभी केली जाते, तेव्हा खिडक्यांच्या रेषेत मजले येत नाहीत आणि काही खिडक्यांच्या मागे नुसती छताची जाड लादी दिसते. जिने, चौक, छतांची लाकडे, खोल्यांची मांडणी हे सगळे ज्या जीवनपद्धतीची साक्ष देत होते, ते जाते. आतला भाग आधीच जळून किंवा कोसळून गेला असेल, तर हा पर्याय योग्य ठरू शकतो, पण धडधाकट घर पोखरून तो निवडणे मला समर्थनीय वाटत नाही.

मालकाने हा भार का सोसावा?

या आक्षेपाला मी सर्वांत अधिक वजन देतो. रस्त्याचे सौंदर्य सगळ्या शहराचे आणि गळणारे छप्पर मात्र एकट्या मालकाचे, ही वाटणी अन्यायाची आहे. बंधने घालून मदत न करणारी व्यवस्था स्वतःच इमारती मारते, कारण परवानगी मिळत नाही आणि पैसाही नाही अशा कोंडीत सापडलेला मालक इमारत आपोआप पडण्याची वाट पाहू लागतो. करसवलत, दुरुस्तीसाठी अनुदान, न वापरता आलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेसाठी विकण्याची मुभा, हे उपाय जगात अनेक शहरांनी वापरले आहेत. इटलीतल्या बोलोन्या शहराने 1970 च्या दशकात याहून पुढचे पाऊल टाकले. सार्वजनिक घरबांधणीचा निधी त्यांनी जुन्या मध्यवस्तीतली घरे दुरुस्त करण्याकडे वळवला आणि तिथले मूळ रहिवासी तिथेच राहावेत असा प्रयत्न केला. माणसे हुसकावून नुसत्या भिंती जपण्यात अर्थ नाही, हे त्यामागचे सूत्र होते.

नियमांचा अतिरेकही टाळला पाहिजे. रॉयल क्रेसेंटमधल्या एका रहिवासी महिलेने 1970 च्या दशकात आपले दार पिवळे रंगवले आणि शेजारच्या दारांप्रमाणे ते पांढरे करण्याचा आदेश तिला दिला गेला. तिने दाद मागितली, चौकशी झाली आणि निकाल तिच्या बाजूने लागला. रंग पुन्हा बदलता येतो. काढलेली भिंत परत आणता येत नाही. कोणत्या गोष्टीवर बंधन हवे आणि कोणत्या गोष्टीत मोकळीक चालेल, हे ठरवायला एवढा भेद बहुतेक वेळा पुरतो.

आजपासून करता येण्याजोगे काम

विल्यम मॉरिस यांनी 1877 मध्ये इंग्लंडमध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. तिच्या जाहीरनाम्यात नित्याच्या देखभालीने ऱ्हास रोखावा, असे आवाहन होते. ते आजही तितकेच खरे आहे आणि त्यासाठी तज्ज्ञाची गरज लागत नाही. वर्षातून दोनदा छपरावरची पन्हळ मोकळी करावी. भर पावसात दहा मिनिटे बाहेर उभे राहून पाणी कुठून उतरते आणि भिंतीवर कुठे ओघळते, ते पाहावे. भिंतीच्या फटीतले पिंपळाचे रोप दोन पानांचे असतानाच काढावे, कारण त्याचे मूळ जाड झाले की ते काढताना दगडही हलतात. भिंतीच्या पायथ्याशी माती किंवा फरशी जोत्याच्या वर चढली असेल, तर ती खाली उतरवावी. आणि दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागेवर उभे राहून घराच्या चारही बाजूंची छायाचित्रे घेऊन मागे तारीख लिहून ठेवावी. दुरुस्ती करणाराने पहिला प्रश्न ‘हे कधीपासून असे आहे?’ असा विचारला, की ती छायाचित्रे त्याच्यासमोर ठेवता येतील.